काकूची भाकरी आणि माझी शुगर

दिवाळीत न्हावऱ्याला गेलो होतो. चहात साखर नको म्हणालो आणि बिंग फुटलं. थोरल्या काकूला कळलं की मला डायबेटिस निघालाय. वजन जेमतेम बासष्ट किलो, म्हणून आधी माझाच विश्वास बसला नव्हता!

काकू लगेच म्हणाली, "पुण्यात भात-पोळ्या खाता, दुसरं काय? आम्ही बाजरीची भाकरी अन् हुलग्याचं माडगं खाल्लं. कुणाला होती का रं शुगर तेव्हा?"

म्हटलं तर बरोबर आहे. शिरूर हा कमी पावसाचा तालुका. बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा हेच अन्न. कोंड्यासकट दळलेलं पीठ आणि कडधान्यं सावकाश पचतात, साखर एकदम चढत नाही. शिवाय दिवसभर रानात राबणं. पुढे कालव्याचं पाणी आलं, बाजरीच्या जागी ऊस आला, न्हावऱ्यातच घोडगंगा साखर कारखाना उभा राहिला. ताटात गहू-तांदूळ, दारात मोटारसायकल. आता गावातही घरटी एखादी गोळी चालू असते.

पण गोष्ट इथे संपत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन भरलं सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. गंमत म्हणजे आपली बाळं हडकुळी असली तरी अंगावरची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी पडलं होतं ते स्नायूंचं मांस. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. बऱ्याच आयांच्या रक्तात बी-१२ कमी होतं, आणि ते कमी पण फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं.

२००४ मध्ये याज्ञिकांनी आपला आणि इंग्लंडमधले डॉ. युडकिन यांचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! माझ्या बासष्ट किलोचं कोडं तिथे थोडंफार सुटलं.

हे सगळं काकूला सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात तुझी आई अन् मी खडी फोडायला जायचो. तू पोटात होतास. मिलोची लाल भाकरी अन् सुकडी, तीसुद्धा पुरुष-पोरांचं झाल्यावर उरली तर."

माझी शुगर त्यामुळेच आली असं कुणी डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. माझ्या खुर्चीचा आणि बेकरीचा वाटा आहेच. पण 'पूर्वीचं खाणं' म्हणून आपण जे कौतुक करतो त्यात भाकरी होती तशी उपासमारही होती, आणि तिचा मोठा वाटा घरच्या बायकांकडेच होता. भाकरी परत आणावी, ती पंगत नको.

असो. काकूच्या नातसुनेला सातवा महिना आहे. त्या रात्री काकूने तिला पहिल्या पंगतीला बसवलं. ती लाजत होती. काकूने तिच्या ताटात आधी मेथीची भाजी वाढली, मग माझ्या.

तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं?