मुक्ताईच्या पावलाने

वाचकहो, कोजागरीनंतर पहाटेचा काकडा सुरू झाला की वारकऱ्याच्या घराला कार्तिकाचे वेध लागतात. आधी पंढरीची कार्तिकी आणि मग वद्य पक्षात आळंदीचा संजीवन समाधी सोहळा. यंदा आळंदीला जाताना एक करून पाहा. घरात सहा-सात वर्षांचे नातवंड असेल तर त्याला सोबत घ्या आणि शेवटचे दोन कोस त्याच्याबरोबर पायी चाला. त्रयोदशीच्या गर्दीत नको. हैबतबाबांच्या पायरीचे पूजन होऊन सोहळा सुरू होतो, त्या दिवशी किंवा त्याच्या आधी जा.

देहूहून येणारा रस्ता तळवडे, चिखली, मोशी, डुडुळगाव करीत आळंदीला पोहोचतो. मोशीच्या पुढे जिथे काठाची पायवाट सापडेल तिथे ती धरा. शरद सरत आलेला असतो. पावसाळ्यातला गढूळ लोंढा ओसरलेला, गवतावर दहिवर, काठाला पांढरे तुरे आणि ओल्या दगडांवर शेपटी हलवीत फिरणारा धोबी पक्षी.

मूल सरळ चालत नाही, हे लगेच लक्षात येईल. ते थांबते, खडा उचलते, पाण्यात टाकते, मागे वळते. गेल्या वर्षी मी नातीला घेऊन निघालो तेव्हा माझे लक्ष घड्याळाकडे होते, कारण मला दुपारचे कीर्तन गाठायचे होते. तिला चालती ठेवण्यासाठी मी चार भावंडांची गोष्ट सांगू लागलो. आळंदीहून ती पैठणला चालत गेली, असे म्हणताच ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, मुक्ताई केवढी होती? तिचे पाय नाही दुखले?"

ही कथा मी आयुष्यभर ऐकली आणि अनेकदा सांगितली. हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता.

आता आपण हिशेब मांडू. भावंडांच्या जन्मशकांविषयी एकाहून अधिक परंपरा आहेत. रूढ गणनेप्रमाणे निवृत्तिनाथांचा जन्म शके 1195, ज्ञानदेवांचा 1197, सोपानदेवांचा 1199 आणि मुक्ताईंचा 1201 चा. विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, म्हणून ही 'संन्याशाची पोरे' ठरली. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेऊन जळात देह ठेवला, असे परंपरा सांगते. मागे उरलेल्या चौघांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे जावे लागले. परंपरा या घटनेचा शक 1209 सांगते, म्हणजे इसवी सन 1287. तेव्हा निवृत्तिनाथ चौदा वर्षांचे, ज्ञानदेव बारांचे, सोपानदेव दहांचे आणि मुक्ताई आठ वर्षांची.

आळंदी ते पैठण अंतर दीडशे किलोमीटरहून जास्त. वाटेत भीमा ओलांडायची आणि पैठण गोदावरीच्या उत्तर तीरावर, म्हणून शेवटी गोदावरीही उतरायची. चौघे एकत्र चालतात तेव्हा चाल ठरवतो तो सर्वांत धाकटा. ज्ञानदेवांचे पाऊल कितीही झपझप पडत असले तरी ते मुक्ताईसाठी थांबले असणार. कोणी तिचा हात धरला, कोणी पाठीवर घेतले, हे कुठल्या पोथीत लिहिलेले नाही. पण आठ वर्षांचे मूल इतके अंतर कसे चालते, हे तुमच्या शेजारी चालणारे पोर तुम्हाला दाखवील.

पैठणहून ती भावंडे प्रवरेकाठी नेवाशाला आली. तिथे शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ज्ञानदेव पंधरा वर्षांचे आणि मुक्ताई अकरांची. नेवाशाहून परतताना ज्याच्या मुखातून वेद वदले तो रेडा जुन्नर तालुक्यातील आळे येथे शांत झाला, असे मानतात. त्याची समाधी आजही तिथे आहे. ही गोष्ट पोराला जरूर सांगा. समाजाने दार लावले त्या मुलांनी मुक्या जनावरालाही आपल्यातून वगळले नाही, हे त्याला लवकर समजते.

मुक्ताईच्या ताटीच्या अभंगांचा प्रसंगही याच धाकटेपणाचा आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. त्यांना बाहेर बोलावले ते वयाने सर्वांत लहान असलेल्या बहिणीने. ज्या पोरीसाठी भाऊ वाटेत थांबले होते, ती त्या दिवशी भावासाठी दाराशी थांबली.

पुढे शके 1218 च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, 1296 साली, ज्ञानदेवांनी इंद्रायणीकाठी समाधी घेतली. त्यानंतर वर्षभराच्या आतच तिघेही गेले. सोपानदेव सासवडला कऱ्हेकाठी, मुक्ताई तापीच्या तीरावर मेहूणला आणि निवृत्तिनाथ गोदेच्या उगमाशी त्र्यंबकेश्वरी. चौघांच्या चार नद्या झाल्या. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. कऱ्हा नीरेत जाते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत शिरते. तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. म्हणजे ज्ञानदेवांचे आणि सोपानदेवांचे पाणी आपोआप पांडुरंगाच्या पायांशी जाते. गोदावरी पूर्वेला निघून जाते, तापी पश्चिमेला. म्हणून निवृत्तिनाथांना आणि मुक्ताईला पंढरीला पायीच यावे लागते. मुक्ताईची पालखी तर आषाढीसाठी महिनाभराहून अधिक काळ चालते. धाकटीची वाट आजही लांबची आहे.

हे सांगत सांगत आम्ही आळंदीजवळ आलो. नदीवर पांढरा फेस तरंगत होता. नातीला आधी तो ढग वाटला आणि ती हात घालायला वाकली. मी तिला मागे ओढले. "का?" तिने विचारले. वरच्या वस्त्यांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी पुरते शुद्ध न होता नदीत येते, साबणाच्या पाण्याचा हा फेस आहे, असे मी सांगितले. "मग हे पांडुरंगाकडे जाणार?" तिने पुन्हा विचारले. इंद्रायणी भीमेला मिळते, हे मीच तिला घटकाभरापूर्वी सांगितले होते. मला उत्तर देता आले नाही.

दुपारचे कीर्तन अर्थातच चुकले. महाद्वारात पोहोचलो तेव्हा ती माझ्या खांद्यावर झोपली होती. चुकले म्हणून मला वाईट वाटले आणि थोड्याच वेळात ते वाटणे गेलेही.

वाचकहो, आपण त्या चौघांना देव मानतो आणि ती एके काळी दारोदार फिरवली गेलेली लहान मुले होती, हे विसरतो. मूल हाताशी घेऊन चाललात तर ते आठवेल. आपल्या गावात आज कोणत्या पोरांना बापाच्या नावावरून दाराबाहेर उभे केले जाते, हेही पाहावेसे वाटेल. पुढच्या कार्तिकात मी नातीला पुन्हा नेणार आहे. त्याआधी स्नानाला जाताना साबण आणि निर्माल्य नदीत टाकायचे नाही, एवढा नेम आमच्या दिंडीने केला आहे. फेस येवढ्याने जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिने पुन्हा विचारले तर सांगायला एक उत्तर तरी असेल. तुम्हीही आपापल्या दिंडीत हा विषय काढा.

रामकृष्णहरी.