खेळातली गाडी

नाशिकला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, दायमाबाद आहे. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल यांना तेथे झुडपाचे मूळ खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, चाके भरीव, आणि वर उभा सारथी. पुढे तेथे उत्खनन करणाऱ्या सा. आ. साळी यांनी या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. ते सगळ्यांना पटलेले नाही. चारही वस्तूंचे वजन मिळून ६० किलोंवर भरते, तेव्हा हे मुलांचे खेळणे नव्हे. तरी छोट्या गाडीला चाके लावण्याची हौस या खोऱ्यात जुनी, एवढे त्यावरून दिसते.

मुलांची गाडी मातीची असे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाचे नावच तिच्यावरून पडले. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिलेला लहानगा रोहसेन मातीच्या गाडीवर रुसतो आणि नायिका वसंतसेना आपले दागिने तिच्यात घालते. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे हा प्रसंग मराठी घरांत पोचला.

खेड्यात माती आणि धाट ही दोन्ही फुकट. ज्वारीच्या धाटाची साल सोलून आतले मऊ भेंड कापायचे, बाभळीच्या काट्यांनी तुकडे जोडायचे, की साटा, जू, चाके सगळे उभे राहते. खिळा नाही, गोंद नाही. अशी गाडी बहुधा घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातची, कारण काटा किती खोल टोचला म्हणजे भेंड फाटत नाही, ते त्यालाच ठाऊक. शिवणाच्या दोऱ्याचे रिकामे लाकडी रीळ मिळाले तर चाकांचा प्रश्न सुटे. ही गाडी मात्र पळवायची नव्हे, ओढायची. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, त्यातही मुले चाकांवरचे लाकडी नंदी ओढत दारोदार जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. तिथे बक्षीस सजावटीला असते, वेगाला नाही.

वेग आला तो बेअरिंगमुळे, आणि बेअरिंग आले कारखान्यांतून व गॅरेजांतून. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर नाशिकमध्ये सातपूरची औद्योगिक वसाहत वाढली, जवळच ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. यंत्रांची आणि मोटारींची संख्या वाढली, तशी झिजलेली बेअरिंगही भंगारात येऊ लागली. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत मुलांनी त्यांचीच चाके केली. फळीखाली मागे-पुढे आडवे दांडे, दांड्याची टोके तासून त्यांवर ठोकलेली बेअरिंग, पुढचा दांडा मधोमध एका बोल्टवर फिरता आणि वळवायला त्याला बांधलेली दोरी. बाहेरची लोखंडी कडी हेच चाक, त्यामुळे हादरा आणि आवाज दोन्ही भरपूर. शर्यतीआधी बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन तेल सोडायचे, कारण आतल्या गोळ्यांत रेती अडकली की गाडी हरलीच. सपाटीवर मागून ढकलणाऱ्याचे पाय जिंकतात, उतारावर बसणाऱ्याचे वजन. ब्रेक म्हणजे चपलेची टाच.

अमेरिकेत याच खेळाला नियमांची चौकट बसली. ओहायोतील डेटन येथे मायरन स्कॉट या वृत्तपत्र छायाचित्रकाराने १९३३ मध्ये मुलांना असल्या गाड्या पळवताना पाहिले आणि १९३४ मध्ये राष्ट्रीय ‘सोप बॉक्स डर्बी’ भरवली. त्या शर्यतीला आपला मुलगा लहान पडतो म्हणून कॅलिफोर्नियातील डॉन मर्फी यांनी १९५३ मध्ये पाइनच्या मऊ लाकडाच्या हातभर नव्हे, वीतभर गाड्यांची ‘पाइनवुड डर्बी’ काढली; गाडी बाप-लेकाने मिळून करायची. आपल्याकडच्या बेअरिंगच्या गाडीत बापाचा वाटा बहुधा बेअरिंग आणून देण्यापुरता. नियम गल्लीचे आणि पंच म्हणजे ज्याची फळी तो, त्यामुळे निकालावर भांडण ठरलेले.

या गाडीला डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता लागतो. तिथे मोटारी आणि दुचाकी वाढल्या तेव्हा क्रिकेट, विटीदांडू मैदानात जाऊ शकले. बेअरिंग मातीत रुतते, म्हणून ही शर्यत मैदानात जाऊ शकली नाही.