हेमाडपंतांनी न बांधलेली देवळं

संयोजकांनी विषय दिलाय 'आपल्या भागातली प्राचीन मंदिरं'. विषय मोठा आणि वेळ पाऊण तासाचा, म्हणून मी यादी सांगत बसत नाही. एका पाहुण्याबरोबर मी इथूनच, जळकोटहून, होट्टलला गेलो होतो. त्या दिवसाची गोष्ट सांगतो, आणि ती सांगता सांगता इतिहासाकडे वळू.

पाहुणे कलबुर्गीचे. निवृत्त शिक्षक, आयुष्यभर शाळेत कन्नड शिकवलेलं. बरोबर त्यांच्या पत्नी. दोघांनाही जुनी देवळं बघायचा नाद. माझ्या एका सहकाऱ्याच्या ओळखीनं आले आणि मला म्हणाले, "सर, तुम्ही इतिहास शिकवता, तुम्हीच दाखवा." मीही मोठ्या ऐटीत गाडीत बसलो. जांब, मुखेड, देगलूर असा आपला नेहमीचा रस्ता. वाटेत एका गावात चहाला थांबलो. मारुतीच्या पाराला टेकून एक शिळा आहे, अर्धी जमिनीत, वरती पोरं बसतात. मी सांगून टाकलं, "हा हेमाडपंती काळातला दगड." शेजारी एक आजोबा बसले होते, त्यांनीही पुस्ती जोडली, "आमच्या इकडं सगळं हेमाडपंतीच हाय की!"

पाहुणे काही बोलले नाहीत. खाली बसले, रुमालानं धूळ पुसली, तिरप्या उजेडात बघायला लागले आणि बोट ठेवून वाचायला लागले. "स्वस्ति... श्री..." मग अडखळत पुढचे दोन-तीन शब्द. म्हणाले, "सगळं लागत नाही. हळेगन्नड आहे, जुनं कन्नड. पण ही राजाची बिरुदं दिसतात, आमच्याकडं असेच लेख असतात." त्या दगडावरून मी तीस वर्षं येजा करतोय. त्यावर अक्षरं आहेत एवढं मला माहीत होतं. ती वाचायची असतात हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. (हशा) हसा, पण तुमच्यातल्या कितीजणांच्या गावात असा दगड आहे ते घरी गेल्यावर बघा.

आता मी 'हेमाडपंती' म्हणालो त्याचं काय? हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप. महादेव यादव आणि नंतर रामचंद्र यादव यांच्या पदरी होता. महादेव गादीवर आला इ.स. १२६१ मध्ये. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा प्रचंड ग्रंथ त्याच्या नावावर आहे. म्हणजे माणूस खरा आणि मोठाही. आता होट्टल घ्या. तिथं अलीकडेच जतनाच्या कामात मातीचा मलबा हटवताना आणखी काही मंदिरांचे पाये उघडे पडले आणि इ.स. १०७० च्या सुमाराचे दानलेख मिळाले. हेमाडपंताच्या आधी जवळपास १९० वर्षं! आजपासून १९० वर्षं मागं गेलात तर पेशवाई बुडून जेमतेम सतरा-अठरा वर्षं झालेली असतात. तेव्हाचा वाडा आजच्या बांधकाम मंत्र्याच्या नावावर लावला तर तुम्ही म्हणाल, डोकं ठिकाणावर आहे का? देवळांच्या बाबतीत मात्र आपण हेच करतो आणि कुणाला काही वाटत नाही.

मग हे नाव चिकटलं कसं? लोक हेमाडपंती म्हणतात ते खरं तर बांधायच्या पद्धतीला. चुना नाही, दगडावर दगड. एका दगडाला खाच, दुसऱ्याला कूस, आणि वरच्या वजनानं सगळं जागच्या जागी बसतं. छत करायचं तर कोपऱ्यांवर तिरक्या शिळा टाकत टाकत मधली जागा लहान करत न्यायची आणि शेवटी एका शिळेनं झाकायची. ही विद्या हेमाडपंताच्या कितीतरी आधीपासून दख्खनमध्ये होती. पण लोकांच्या आठवणीत एक नाव राहिलं. मोडी लिपी त्यानं आणली, बाजरी त्यानं आणली, देवळंही त्यानंच बांधली. पुढं इंग्रज सर्वेक्षकांनी गावोगावी जे ऐकलं ते लिहून घेतलं. हेन्री कझिन्स यांनी निजामाच्या मुलखातल्या प्राचीन अवशेषांची यादी १९०० साली छापली, नंतर दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवर मोठं पुस्तक लिहिलं. लोकांच्या तोंडचा शब्द असा छापील झाला, आणि छापील झाला की आपल्याकडं तो पक्का होतो. यादवकाळातलं सगळंही हेमाडपंताचं नाही, बरं का. आंबेजोगाईला सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचे शके ११५० आणि ११६२ चे लेख आहेत. तेसुद्धा हेमाडपंत सत्तेवर यायच्या आधीचे.

तर होट्टलचे राजे कोण? कल्याणीचे चालुक्य. १०७० ला दुसरा सोमेश्वर गादीवर होता, आणि १०७६ ला त्याला बाजूला सारून त्याचा धाकटा भाऊ सहावा विक्रमादित्य आला. पन्नास वर्षं राज्य केलं, स्वतःच्या नावाचा शक सुरू केला. काश्मीरचा बिल्हण त्याच्या दरबारी होता. हिंदू वारसा कायद्याच्या संदर्भात वकील ज्याचं नाव घेतात त्या 'मिताक्षरे'चा कर्ता विज्ञानेश्वर याच राजाच्या काळात कल्याणला होता. हे कल्याण ठाण्याचं नव्हे. हे आपलं बसवकल्याण. उदगीर, भालकी ओलांडलं की आलंच. देवगिरीपेक्षा आपल्याला कितीतरी जवळ.

आणि इथं मला जुन्या मंडळींना एक आठवण द्यायचीय. जळकोटचा हा सगळा परिसर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. उदगीर, अहमदपूर, निलंगा, सगळं बीदरला. राज्य पुनर्रचनेत आपण उस्मानाबादला गेलो आणि १९८२ ला लातूर जिल्हा झाला. आपल्या आजोबांच्या जमिनीच्या कज्जाच्या तारखा बीदरला लागायच्या, कागद उर्दूत असायचे. साठ-सत्तर वर्षांत आपलं तोंड पश्चिमेकडं आणि उत्तरेकडं वळलं. त्याच्या आधी कित्येक शतकं ते दक्षिणेकडं होतं. म्हणून नांदेड-लातूरकडचे या काळातले बरेचसे लेख कन्नडमध्ये आहेत. नांदेड जिल्ह्यातले लेख रित्ती आणि शेळके यांनी १९६८ साली पुस्तकरूपानं छापलेत, कुणालाही बघता येतील. हे सांगितलं की काही जणांना वाटतं, हा सीमावादात पलीकडच्यांची बाजू घेतोय. अहो, अकराव्या शतकातल्या दात्याला आपला सीमावाद कुठं ठाऊक होता! त्यानं त्या वेळच्या राजभाषेत लिहून घेतलं, एवढंच.

आम्ही मुखेडला दशरथेश्वराचं देऊळ बघितलं, सप्तमातृका बघितल्या, आणि होट्टलला पोचलो. देगलूरपासून आठ-दहा किलोमीटर. सिद्धेश्वराच्या देवळात मी सवयीनं थेट गाभाऱ्याकडं निघालो, तर बाईंनी मला अडवलं. "आधी बाहेरून बघूया ना." बरोबर होतं त्यांचं. आपल्याच देगलूरचं नाव लावणारे गो. बं. देगलूरकर यांनी मंदिर कसं पाहावं यावर अख्खं पुस्तक लिहिलंय, ते माझ्या कपाटात आहे, आणि मला एका पाहुणीनं सांगावं लागलं.

बाहेरून फिरताना लक्षात येतं की भिंत सरळ नाहीच. कोन पुढं येतात, मागं जातात, म्हणून दिवसभर ऊन-सावली सरकत राहते. भिंतीवर सुरसुंदरी आहेत. निलंग्याच्या नीलकंठेश्वराला तुम्ही गेला असाल. तिथं एका मंडपाला तीन गाभारे आहेत. घडण तशीच. पाहुणे म्हणाले, "आमच्याकडं लक्कुंडीला, इटगीला याहून नाजूक काम आहे." मला जरा लागलं. पण तेही खरंय. तिकडचा दगड मऊ, लाकडासारखा कोरता येतो. आपला काळा पाषाण कठीण, छिन्नी बोथट करणारा. या दगडात बोटांची नखं आणि गळ्यातल्या माळांचे मणी काढणारा माणूस काय ताकदीचा असेल, हे मी त्यांना ऐकवलं. तेवढी माझी बाजू राहिली.

या लेखांमध्ये असतं काय, हे सांगतो, कारण माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट तीच आहे. राजाची बिरुदं चार ओळी, आणि मग सगळा हिशोब. देवाच्या दिव्याला तेल कुठल्या गाण्याचं. नैवेद्याला जमीन किती, तिच्या पूर्वेला कुणाचं शेत, पश्चिमेला कुठला ओढा. विड्याची पानं कुणी द्यायची. शिकणाऱ्या मुलांच्या जेवणाची सोय काय. लातूरच्या पापविनाश मंदिरातल्या बाराव्या शतकातल्या लेखात तर तिथल्या 500 विद्वानांचा उल्लेख आहे. लातूर पॅटर्न जुनाच आहे म्हणायचा! (हशा) शेवटी ताकीद असते, दिलेलं दान जो परत काढून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. म्हणजे देवस्थानच्या जमिनीची भानगड तेव्हाही होतीच.

या लेखांत तेली आहेत, व्यापारी आहेत, गावचे प्रमुख आहेत, दान देणाऱ्या बायका आहेत. 'हेमाडपंतांनी बांधलं' किंवा 'पांडवांनी एका रात्रीत बांधलं' म्हटलं की ही सगळी माणसं पुसली जातात. एका रात्रीत! ज्या कारागिरांची हयात त्यात गेली त्यांच्यासमोर हे म्हणून बघा.

आणि पुसणं म्हणजे मी नुसतं बोलण्यातलं म्हणत नाही. दहावीत असताना आमच्या गावच्या महादेवाच्या देवळाला श्रावणाआधी ऑइल पेंट द्यायचं ठरलं. वर्गणी काढून, श्रद्धेनं. खांब पिवळे, चौकट लाल. रंगाचा डबा धरायला मी होतो. डाव्या हाताच्या खांबावर बारीक नक्षीसारखं काहीतरी होतं, तिथं ब्रश नीट बसत नव्हता. मीच रंगाऱ्याला म्हणालो, "दोन हात द्या मामा, बुजून जाईल." होट्टलहून परत येताना गाडीत मला ते आठवलं आणि मी पाहुण्यांना सांगून टाकलं. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "तारेच्या ब्रशनं घासू नका हं. आणि ते वाळूचा फवारा मारणारं यंत्र येतं, ते तर अजिबात नको. रंग निघेल, पण त्याच्याबरोबर अक्षरंही जातील."

तसं मी केलं नाही. गावात बोललो. पुरातत्त्व खात्याला कळवायचं ठरलं, आणि तोवर त्या खांबाला नवा रंग द्यायचा नाही एवढं सगळ्यांनी मान्य केलं. यंदाच्या उन्हाळ्यात आपोआपच एका जागी पापुद्रा सुटला. तळहाताएवढी जागा. मी मोबाईलवर फोटो काढून कलबुर्गीला पाठवला. रात्री त्यांचा फोन आला. म्हणाले, "तीन अक्षरं दिसतात. पहिली दोन 'नंदा' आहेत. तिसरं 'दी' असावं. पुढचा शब्द रंगाखाली आहे, पण असे लेख मी बघितलेत, 'नंदादीविगे' असणार. अखंड दिव्यासाठी दान."

मी म्हणालो, "सर, आमच्याकडं त्याला नंदादीप म्हणतात." ते म्हणाले, "मग अजून लावतात का?" मी म्हणालो, "लावतात. त्याच खांबाच्या कोनाड्यात."