पोलीस श्वानाला अखेरची सलामी : मानवंदना कशी असते आणि हँडलरच्या मागे काय उरतं?

चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावात रात्री एखादं दुकान फुटलं, की सकाळी जमलेली गर्दी एकाच गोष्टीची वाट बघत असते : पोलिसांचा कुत्रा कधी येतो? हा कुत्रा गावच्या ठाण्यात नसतो. चांदूर रेल्वे पोलीस ठाणं अमरावती ग्रामीण पोलीस दलाखाली येतं आणि श्वानपथक असतं जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथून गाडी येते. श्वान उतरतो, वास घेतो, पट्टा ताणत निघतो आणि त्याच्या मागे एक पोलीस धावत असतो. दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेली ओळ येते : 'श्वानाने काही अंतरापर्यंत माग दाखवला, मात्र पुढे तो घुटमळला.'

त्या बातमीत श्वानाचं नाव क्वचितच येतं आणि पट्टा धरून धावणाऱ्या पोलिसाचं तर बहुतेक वेळा नाहीच. श्वानाचं नाव सगळ्यांना कळतं ते तो गेल्यावर. फुलांनी झाकलेला देह, रांगेत उभे अधिकारी, सलामी आणि एका कडेला मान खाली घालून उभा असलेला तो हँडलर. असा व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर कधी ना कधी आला असेल. या सलामीमागे काय असतं आणि ती संपल्यावर त्या माणसाचं काय होतं, ते समजून घेऊया.

झंजीर : अजूनही फिरणारा फोटो

महाराष्ट्रातला सगळ्यात प्रसिद्ध पोलीस श्वान म्हणजे मुंबई पोलिसांचा झंजीर. पिवळसर-तांबूस रंगाचा हा लॅब्रॅडॉर. नाव ठेवलं गेलं १९७३ च्या 'जंजीर' या हिंदी चित्रपटावरून. पुण्यातल्या शिवाजीनगरच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तो तयार झाला आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबईच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात दाखल झाला.

पुढच्या तीनच महिन्यांत, १२ मार्च १९९३ रोजी मुंबई साखळी बॉम्बस्फोटांनी हादरली. २५७ माणसं मेली. तीन दिवसांनी, १५ मार्चला, धनजी स्ट्रीटवर बेवारस उभ्या असलेल्या एका स्कूटरमध्ये स्फोटकं असल्याचं झंजीरने दाखवून दिलं. ती फुटली असती तर काय झालं असतं, हे त्या गल्लीतली गर्दी पाहिलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. त्या काळातल्या शोधांचा जो हिशेब झंजीरच्या नावावर दिला जातो तो असा : ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं.

१६ नोव्हेंबर २००० रोजी, वयाच्या आठव्या वर्षी, हाडांच्या कर्करोगाने झंजीर गेला. परळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात त्याच्यावर उपचार सुरू होते. पोलीस दलाने त्याला पूर्ण इतमामात निरोप दिला. एक वरिष्ठ अधिकारी त्याच्या देहावर पुष्पचक्र वाहत असल्याचा फोटो तेव्हा काढला गेला. सोशल मीडियावर तो फोटो आजही नव्याने फिरत असतो.

२६/११ चे चौघे

२००८ च्या मुंबई हल्ल्यात बॉम्बशोधक पथकाचे जे श्वान राबले, त्यांपैकी मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर ही नावं लोकांच्या लक्षात राहिली. सीझरने छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी मागे टाकलेले हातबॉम्ब शोधून दिले. हजारो प्रवाशांची ये-जा असलेल्या स्थानकात न फुटलेला हातबॉम्ब पडून असणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

निवृत्तीनंतर या श्वानांना विरारजवळच्या एका फार्मवर ठेवलं होतं. २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले. एप्रिलमध्ये मॅक्स, जूनमध्ये सुलतान, जुलैमध्ये टायगर आणि १३ ऑक्टोबरला सीझर. पथकात एकत्र वाढलेले, एकत्र निवृत्त झालेले साथीदार सहा महिन्यांत एकामागून एक संपले.

बीडचा रॉकी

असा मान फक्त मुंबईच्या श्वानांनाच मिळतो असं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये बीड जिल्हा पोलीस दलाचा रॉकी गेला. ३०० हून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्याने मदत केली होती. बीड पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. त्याची दृश्यं देशभर पाहिली गेली आणि ३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी रॉकीचा उल्लेख केला.

रॉकीचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. आरडीएक्स आणि अतिरेकी हल्ला हे जिल्ह्यातल्या श्वानाचं रोजचं काम नव्हे. त्याच्या वाट्याला घरफोड्या, खून, चोऱ्या येतात. म्हणजे चांदूर रेल्वेला किंवा धामणगावला गाडीतून उतरतो तसाच तो श्वान.

मानवंदनेत काय काय असतं?

पद्धत पथकानुसार थोडीफार बदलते. साधारण क्रम असा असतो : श्वानाचा देह पांढऱ्या कापडात किंवा फुलांत ठेवतात. पथकातले सहकारी आणि वरिष्ठ अधिकारी पुष्पचक्र वाहतात. सगळे सावधान उभे राहून सलामी देतात. काही ठिकाणी बिगुल वाजतो, काही ठिकाणी शस्त्रांची सलामी होते. त्यानंतर दफन.

गंमत बघा, सरकारी कागदावर श्वानासाठीही खर्च, आहार, लसीकरण अशाच नोंदी असतात, जशा एखाद्या वाहनासाठी इंधन आणि दुरुस्तीच्या असतात. पण वाहन मोडीत निघतं तेव्हा कुणी सलामी देत नाही. त्या पाच-दहा मिनिटांत पोलीस दल उघडपणे एक गोष्ट मान्य करतं, की हा आपल्यातलाच एक होता.

पट्ट्याची दोन टोकं

आता पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळूया. श्वान सांभाळणाऱ्या पोलिसाला मराठीत 'श्वानहस्तक' म्हणतात, पण पथकात सगळे 'हँडलर'च म्हणतात. पिल्लू काही महिन्यांचं असताना त्याच्याशी जोडी जमते आणि प्रशिक्षणाला दोघंही जातात. म्हणजे शिकतो फक्त श्वान असं नाही. माणूसही शिकतो, तो श्वान वाचायला.

हे वाचणं महत्त्वाचं का? स्फोटकं शोधणाऱ्या श्वानाला वस्तू सापडल्यावर भुंकायचं किंवा पंजा मारायचा नसतो. धक्क्याने स्फोट होऊ शकतो. म्हणून त्याला शांत बसून खूण करायला शिकवतात. पण त्याआधी त्याचा श्वास बदलतो, शेपटी वेगळी हलते, मान एका बाजूला वळते. हे बारकावे त्याच्या हँडलरला कळतात, दुसऱ्याला नाहीत. समोर बॉम्ब असताना माणूस आपला जीव त्या खुणेवर टाकतो. असा भरवसा आदेश काढून तयार होत नाही.

तो तयार होतो रोजच्या कामातून. पहाटेचा व्यायाम, आज्ञांचा सराव, केस विंचरणं, पंजे आणि कान तपासणं, खाणं देणं, आजारी पडला तर रात्र जागून काढणं. सणासुदीला आपण घरी असतो, तेव्हा हे दोघं कुठल्यातरी यात्रेच्या नाहीतर सभेच्या बंदोबस्तावर असतात. सात-आठ वर्षं असंच चालतं.

ताटातूट दोनदा होते

सलामीच्या व्हिडिओत न दिसणारी गोष्ट म्हणजे हँडलर आपला श्वान बऱ्याचदा दोनदा गमावतो.

पहिल्यांदा निवृत्तीच्या वेळी. वय झालं, नाक पूर्वीसारखं साथ देईना, सांधे दुखू लागले की श्वानाला सेवेतून मोकळं करतात. त्याला कुठे हँडलरच घरी नेतो, कुठे एखादी संस्था किंवा प्राणिप्रेमी कुटुंब सांभाळतं. मनात असूनही प्रत्येक हँडलरला ते जमत नाही. पोलीस वसाहतीतली दोन खोल्यांची जागा, बदलीची नोकरी आणि म्हाताऱ्या श्वानाच्या औषधांचा खर्च आडवा येतो.

दुसऱ्यांदा मृत्यूच्या वेळी. तेव्हा हँडलर जवळ असेलच असं नाही. तो एव्हाना नव्या पिल्लासोबत असतो. पथकाचं काम थांबत नाही.

लष्करात तर ही ताटातूट क्षणात होते. ऑगस्ट २०१५ मध्ये काश्मीरच्या तंगधार भागात घुसखोरांशी झालेल्या चकमकीत मानसी ही लॅब्रॅडॉर आणि तिचे हँडलर बशीर अहमद वार दोघेही गेले. पुढच्या वर्षी मानसीला मरणोत्तर 'मेन्शन इन डिस्पॅचेस' हा सन्मान मिळाला. सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीच्या चकमकीत केंट ही लॅब्रॅडॉर आपल्या हँडलरला वाचवताना मारली गेली. तिचा हँडलर मागे राहिला.

या दुःखाला नाव आहे

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये एक संकल्पना मांडली. तिला मराठीत 'मान्यता नसलेलं दुःख' म्हणता येईल. माणूस खरोखर शोकात असतो, पण भोवतालचा समाज त्याला शोक करायचा हक्कच देत नाही. पाळीव प्राण्याचा मृत्यू हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण.

घरातलं माणूस गेलं तर सुतक असतं, दहावा-तेरावा असतो, लोक भेटायला येतात. हँडलरसाठी यातलं काहीच नाही. उलट 'कुत्राच तर होता, दुसरा मिळेल' हे वाक्य त्याला ऐकावं लागतं. त्यात वर्दीतल्या माणसाने रडू नये, अशीही अपेक्षा असते.

म्हणून ती सलामी श्वानाइतकीच हँडलरसाठीही असते. श्वानाला सलामी कळत नाही, हँडलरला कळते. आपलं दुःख खोटं नाही, हे त्याला सगळ्या दलासमोर सांगितलं जातं. फक्त ते सांगणं काही मिनिटांत संपतं आणि रिकामा पिंजरा उद्या सकाळीही तिथंच असतो.

आपल्याला हे नवं नाही

कामाच्या जनावराला मान देणं आपल्याकडे फार जुनं आहे. कर्नाटकातल्या आतकूरचा इसवी सन ९४९-५० च्या सुमाराचा शिलालेख काली नावाच्या शिकारी कुत्र्याची आठवण सांगतो. रानडुकराशी झुंजताना ती मेली. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेच्या काठी छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी दाखवतात. ब्रिटनमध्ये १९४३ पासून युद्धात कामगिरी केलेल्या प्राण्यांना 'डिकिन मेडल' दिलं जातं.

आणि वऱ्हाडात तर पोळा आहे. आदल्या दिवशी बैलाची खांदशेकणी करून 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणणारा शेतकरी हँडलरचं दुःख कुणी न समजावताही ओळखेल. दावणीचा जुना बैल गेला की घरात चूल पेटत नाही, हे आपल्या आजी-आजोबांनी पाहिलंय. तेव्हा 'बैलच तर होता' असं कुणी म्हणत नसे.

आपण काय करू शकतो?

• सलामीचा फोटो फॉरवर्ड करताना नाव, जिल्हा आणि वर्ष तपासा. झंजीरचा फोटो भलत्याच श्वानाच्या नावाने फिरवणं हा दोघांचाही अपमान आहे.

• गावात श्वानपथक आलं तर गर्दी मागे ठेवा आणि घटनास्थळी पाय टाकू नका. श्वान 'घुटमळतो' त्यामागे अनेकदा आपण तुडवलेला वासच असतो. त्याला बिस्किट टाकू नका, शीळ घालून बोलावू नका.

• ओळखीत कुणी हँडलर असेल आणि त्याचा श्वान गेला असेल, तर 'दुसरा कधी मिळणार?' हा प्रश्न पहिल्या दिवशी नको. त्याऐवजी श्वानाचं नाव विचारा आणि तो कसा होता ते विचारा. मग गप्प बसून ऐका. सलामी द्यायला वर्दी लागते, ऐकायला लागत नाही.