वरचे अन्न

वरचे अन्न : आईच्या दुधाच्या जोडीने तान्ह्या बाळाला दिला जाणारा घन किंवा अर्धघन आहार. वैद्यकीय परिभाषेत यालाच पूरक आहार म्हणतात. सहा महिने (१८० दिवस) पूर्ण होईपर्यंत निव्वळ आईचे दूध, त्यानंतर वरचे अन्न आणि सोबत दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून पुढेही स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारताचे धोरणही तेच आहे.

मराठी घरांत या आहाराची सुरुवात उष्टावणाच्या समारंभाने होते. मुलाचे उष्टावण सम महिन्यात (सहाव्या, आठव्या) आणि मुलीचे विषम महिन्यात (पाचव्या, सातव्या) करण्याची रूढी आहे. सहावा महिना लागणे आणि सहा महिने पूर्ण होणे यांत महिन्याचे अंतर असते. पाचवा महिना तर फारच लवकरचा. मुलीसाठी सातवा महिना पुरा होताना आणि मुलासाठी आठवा महिना धरला, तर रूढीही पाळली जाते आणि सहा महिन्यांची अटही. मात्र घास सुरू करायला समारंभाची वाट पाहू नये. सहा महिने भरले की अन्न सुरू व्हायला हवे.

सहा महिन्यांनंतर आईचे दूध उत्तमच असते, पण एकटे पुरत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या स्तनपान घेणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० किलोकॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि दुसऱ्या वर्षात ५५०. भारतात हा टप्पा नीट पार पडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी फक्त ११ टक्के आढळली. गरिबी हे याचे मोठे कारण आहेच. पण धान्य, डाळ, तूप घरात असूनही बाळाची वाटी पाणचट राहते, हे तितकेच खरे आहे.

बाळाच्या पोटाची क्षमता वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे सात किलोच्या बाळाला एका वेळी पाऊण ते एक वाटी. ही जागा वरणाच्या नुसत्या पाण्याने, पातळ पेजेने किंवा भाताच्या निवळीने भरली, तर पोट फुगते आणि बाळ उपाशी राहते. डाळीचे सत्त्व वाटीच्या तळाशी बसलेल्या डाळीत असते, वरच्या पाण्यात नव्हे. घास चमच्यातून सहज ओघळू नये, इतका दाटपणा हवा. चहाचा एक चमचा तूप घातले की सुमारे ४५ किलोकॅलरी वाढतात, म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांतील दिवसभराच्या गरजेचा जवळजवळ चौथा हिस्सा.

या कसोटीला मराठी स्वयंपाकघरातील खिमट उत्तम उतरते. तांदूळ व मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून त्यांची भरड करायची आणि जिऱ्यासह मऊ शिजवून वरून तूप घालायचे. धान्य आणि डाळ एकत्र आल्याने एकाच्या प्रथिनातील उणीव दुसरे भरून काढते. नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पण तिच्या सत्त्वाचे कौतुक जरा आवरते घ्यावे. नाचणी वाटून फडक्यातून गाळताना चोथ्याबरोबर बरीच प्रथिने व खनिजे टाकली जातात. मागे राहतो तो मुख्यतः पिष्टमय भाग. त्यापेक्षा मोड आणून, कडक वाळवून, हलके भाजून दळलेली सबंध नाचणी सरस. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर तयार होते आणि ते पिष्ट तोडते. त्यामुळे जास्त पीठ घातले तरी खीर गिळण्याजोगी सैल राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गुण अभ्यासला. घट्ट खिरीत मोडाच्या पिठाचा चमचा मिसळला तरी ती सैलावते.

घरच्या अन्नाची खरी उणीव लोहाची आहे. जन्मतः शरीरात असलेला साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास सरतो आणि आईच्या दुधात लोह अगदी थोडे असते. खिमट किंवा नाचणी एकटी ही तूट भरून काढत नाही. पूर्ण शिजवलेले अंडे, काटे काढलेले मासे, खिमा किंवा काळीज सहा महिन्यांनंतर देता येते. शाकाहारी घरांत डाळी व पालेभाज्यांसोबत लिंबू पिळल्यास लोहाचे शोषण सुधारते. सरकारी कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोह–फॉलिक आम्लाचे १ मिलि औषध देतात. ते टाळू नये.

विकतच्या डबाबंद धान्याहाराचा उपयोग इथेच आहे : त्यात लोह व जीवनसत्त्वे घातलेली असतात आणि प्रवासात तो पटकन तयार होतो. तोटा किमतीचा आणि साखरेचा. स्वित्झर्लंडमधील पब्लिक आय या संस्थेने २०२४ मध्ये दाखवले, की भारतात तपासलेल्या सेरेलॅक या डबाबंद धान्याहाराच्या प्रकारांत एका वेळच्या खाण्यात सरासरी जवळजवळ ३ ग्रॅम साखर वरून घातलेली होती. युरोपातील काही बाजारांत तशी उत्पादने साखरेविना मिळत होती. त्यानंतर सेरेलॅक बनवणाऱ्या कंपनीने भारतातही साखरविरहित प्रकार आणले. म्हणून डब्याच्या मागची घटकांची यादी वाचून साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, मध नसलेला डबाच घ्यावा. भारतात १९९२ च्या शिशुआहारविषयक कायद्याने (सुधारणा २००३) दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या अशा अन्नाची जाहिरात आणि वेष्टनावर बाळाचे चित्र यांवर बंदी आहे. दुधात कुस्करलेले बिस्किट मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही. मैदा, साखर आणि पामतेलाचा हा घास गावोगावी बाळाचे अन्न म्हणून चालतो, हे फार वाईट आहे.

वर्षाच्या आत मध चाटवू नये. त्यातील बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. मीठ–साखरही वर्षभर लांब ठेवावी. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे घशात अडकतात, म्हणून ती लहान मुलांना देऊ नयेत. शेंगदाण्याचे बारीक कूट खिरीत मिसळून देता येते. आजारपणात स्तनपान आणि थोडे थोडे अन्न चालू ठेवावे. जुलाब थांबल्यावर दोन आठवडे बाळाला रोज एक जास्तीचे जेवण द्यावे.