किल्लारीचा खडक आणि मुंबईचे तेल

नांदेड-लातूरकडे शिक्षकांपुढे भूशास्त्रावर बोलायला गेलो की एक प्रश्न आम्हांला हटकून विचारला जातो. "मुंबईजवळ समुद्रात तेल सापडले, मग आमच्याकडे खोल बोअर घेतले तर का सापडू नये?" विचारणाऱ्याच्या सुरात थोडी थट्टा असते, थोडी आशाही असते. त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो आणि त्यात थट्टा मुळीच नसते. "तेल आपल्याच राज्यासमोर निघते, तरी पेट्रोल आपल्यालाच एवढे महाग का?" पहिला प्रश्न खडकांचा आहे आणि दुसरा राजकारणाचा. आपण खडकापासून सुरुवात करू.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल विंधण घेतले. ते तेलासाठी नव्हते, भूकंपाचे कारण शोधण्यासाठी होते. पण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातून आयतेच मिळते. वरचे सुमारे ३३८ मीटर सगळा काळा बेसाल्ट लागला. त्याखाली गाळाचा थर लागला तो अवघा ८ मीटर जाडीचा. आणि लगेच त्याखाली अतिप्राचीन स्फटिकी खडक, म्हणजे या भूमीचा पायाच. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेले तर बेसाल्टचे हे पांघरूण संपते आणि पायाचा ग्रॅनाइट उघड्यावरच दिसतो. तिथे तर विंधणाचीही गरज नाही.

खनिज तेल तयार व्हायचे तर सूक्ष्म जीवांचे अवशेष प्राणवायूवाचून गाळात गाडले जावे लागतात. त्यावर आणखी गाळ साचत जाऊन ते दोन-चार किलोमीटर खोल जावे लागतात, आणि साधारण ६० ते १२० अंश सेल्सियस तापमानात त्यांना लाखो वर्षे मुरावे लागते. तयार झालेले तेल साठायला सच्छिद्र खडक हवा आणि ते निसटू नये म्हणून वर घट्ट खडकाचे झाकण हवे. आठ मीटर गाळात हा संसार मांडता येत नाही.

गंमत अशी, की किल्लारीखालचा हाच बेसाल्ट पश्चिमेकडे सह्याद्री ओलांडून समुद्राखालीही जातो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले. नंतर पश्चिमेची बाजू खचली, तिच्यावर समुद्र आला आणि बेसाल्टच्या फरशीवर गाळाचे जाड थर साचत गेले. मुंबई हायचे तेल या वरच्या थरांत आहे, मुख्यतः चुनखडकात. खडक तोच, लातूरला तो वर उघडा राहिला आणि मुंबईसमोर तो तळ झाला.

या तेलापर्यंत पोचण्याची गोष्ट मोठी आहे. भारतात नव्याने फारसे तेल सापडणार नाही, असे स्वातंत्र्यानंतर परदेशी कंपन्यांचे मत होते; आयात केलेले तेल विकण्यात त्यांचा धंदा चांगला चालला होता. केशवदेव मालवीय यांनी ते मत मानले नाही. सोव्हिएत तज्ज्ञ बोलावले गेले. १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला, १९५८ मध्ये खंबातजवळ लुणेज येथे आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. १९६४ साली 'अकादेमिक अर्खांगेल्स्की' या सोव्हिएत जहाजाने खंबातच्या आखाताचे भूकंपलहरींच्या साहाय्याने सर्वेक्षण केले आणि समुद्रातल्या संरचनांचा माग लागला. अखेर जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट' या फलाटावरून फेब्रुवारी १९७४ मध्ये, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, तेल मिळाले.

ही वेळ मोठी नाजूक होती. ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला तेलाचा भाव जानेवारी १९७४ पर्यंत ११ डॉलरच्या पुढे गेला. नोव्हेंबर १९७३ मध्ये इंधन दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. दिल्लीत त्याची छायाचित्रे निघाली. मराठवाड्यात बैलगाडी ही त्या वेळी निषेधाची नव्हे, रोजची गोष्ट होती. दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या या भागाला दरवाढीची झळ पेट्रोलपेक्षा रॉकेलमधून आणि विहिरीवरच्या इंजिनाच्या डिझेलमधून लागत होती.

२१ मे १९७६ रोजी मुंबई हायमधून उत्पादन सुरू झाले. पुढच्या आठ-नऊ वर्षांत देशाची बहुतांश गरज देशातल्या तेलावर भागू लागली. पण या तेलाचा धनी कोण? राज्यघटनेच्या २९७ व्या अनुच्छेदानुसार समुद्रतळाखालची संपत्ती केंद्राची आहे. गुजरात आणि आसामला जमिनीवरच्या तेलाचे स्वामित्वधन मिळते. महाराष्ट्राला मुंबई हायचे मिळत नाही. मागणी अनेकदा झाली, पण घटनेचे कलम स्पष्ट आहे. राज्याच्या हाती उरला तो विक्रीवरचा कर. म्हणजे विहिरीच्या तोंडाशी राज्याला काही मिळत नाही, जे मिळते ते पंपावर. दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे, असे आम्हांला वाटते.

त्या काळात किमती सरकार ठरवत असे. पेट्रोल महाग ठेवून रॉकेल, डिझेल स्वस्त ठेवायचे, अशी ती व्यवस्था होती. देशी कच्च्या तेलाचा भावही सरकारच ठरवी. त्यामुळे देशात किती तेल निघते याला मोठे राजकीय मोल होते आणि त्याचा ताण शेवटी विहिरींवर आला. तेलसाठा हा टाकीसारखा नसतो. सोड्याची बाटली फटकन उघडली की वायू उसळून जातो आणि पेय खाली राहते. साठ्यातून घाईने तेल ओढले तर दाब उतरतो, वायू सुटतो आणि बरेच तेल खडकातच अडकून पडते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई हायमधून असे जोराने तेल काढले गेले. १९८९-९० मध्ये देशाचे उत्पादन ३४० लाख टनांवर गेले आणि १९९२-९३ मध्ये ते सुमारे २७० लाख टनांवर उतरले. नेमक्या याच उतारात ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेल भडकले आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला इंधनांवर २५ टक्के आखाती अधिभार लावावा लागला.

१ एप्रिल २००२ ला सरकारी दरांची व्यवस्था औपचारिकपणे संपली. प्रत्यक्षात पेट्रोल २०१० मध्ये आणि डिझेल २०१४ मध्ये मोकळे झाले, आणि १६ जून २०१७ पासून देशभर दर रोज बदलू लागले. आता मुंबई हायच्या तेलाचा हिशेबही जागतिक भावानेच होतो. शिवाय २०२३-२४ मध्ये देशात निघाले २९० लाख टनांच्या आसपास, आणि पेट्रोलियम पदार्थ खपले २,३०० लाख टनांहून अधिक. तेव्हा 'आपले तेल' पंपावर स्वस्त मिळेल ही अपेक्षा सोडलेली बरी.

पण जागतिक भाव उतरला की पंपावरचा दर उतरतो, असेही नाही. २०१४ च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेले पिंप जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरखाली आले. त्याच काळात केंद्राने अबकारी कर नऊ वेळा वाढवला. त्यात वाहतूक मिळवा. २०२१ च्या दरवाढीत परभणीचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले, कारण तिथले इंधन मनमाडच्या आगारातून तीनशेहून अधिक किलोमीटर टँकरने येते. नांदेडही आगारांपासून असेच लांब. आपल्या पंपावरचा दर आणि त्याच दिवशीचा मुंबईचा दर वर्गात फळ्यावर शेजारी लिहून पाहावा. फरकाचे कारण मुले नकाशातच शोधतील.

राज्यानेही आपला वाटा घेतला. १ ऑक्टोबर २०१५ पासून महाराष्ट्राने पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये जादा कर लावला, दुष्काळनिवारणासाठी. दुष्काळ होता तो मुख्यतः मराठवाड्यात. तिथल्या खेड्यांना पाणी पुरवणारे टँकर डिझेलवर धावत होते आणि त्या डिझेलवरही हा कर होताच. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला पोचली, दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. या टाकीच्या वाघिणी कोट्याच्या रेल्वे कार्यशाळेत वाफेने धुऊन आणलेल्या होत्या. त्या वर्षी पुढे पाऊस चांगला झाला. पेट्रोलवरचा अधिभार मात्र गेला नाही. एप्रिल २०१७ मध्ये तो लिटरमागे आणखी ३ रुपयांनी वाढला.