राणीच्या बागेतला दगडी हत्ती

भायखळ्याच्या राणीच्या बागेत लोक काय बघायला जातात? आमच्या लहानपणी माकडं आणि पाणघोडा. २०१७ पासून पेंग्विन. मागच्या हिवाळ्यात नागपूरहून आलेल्या भाच्याला घेऊन मीही पेंग्विनसाठीच गेलो होतो. पण मंडळी, खरं सांगायचं तर मला त्या बागेतला एक दुसराच प्राणी जास्त आवडतो. तो जागचा हलत नाही, खातपीत नाही आणि त्याच्यासमोर कधी रांग नसते.

भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर एक काळ्या दगडाचा हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी तो बघूनच बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. १८१४ साली त्याचं डोकं आणि मान गळून पडली. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं, पण उचलताना पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत राहिले, या बागेत आले आणि १९१४ साली पुन्हा जोडले गेले. म्हणजे बेटाला नाव देणारा हत्ती आज बेटावर नाहीच!

बाग सुरू झाली १८६२ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या नावाने. संग्रहालय १८७२ चं. ते उभं राहावं म्हणून धडपडणाऱ्यांत नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी होते. १९७५ साली त्याला डॉक्टरांचं नाव मिळालं. बागेलाही आता वीरमाता जिजाबाईंचं नाव आहे. पण टॅक्सीवाल्याला सांगताना आपण अजून 'राणीची बाग'च म्हणतो.

हत्तीच्या जवळपास आणखी काही मंडळी आहेत. १९६५ साली शहरातून हलवलेले इंग्रजी अमलातले पुतळे इथे आणून ठेवले आहेत. काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड इथेच आहे. तो गेला तरी फोर्टातल्या त्या जागेचं नाव 'काळा घोडा'च राहिलं, आणि २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला तो बिनस्वाराचा. खंडेराव गायकवाडांनी भेट दिलेली संगमरवरी व्हिक्टोरियाही इथेच आहे. १८९६ साली चापेकर बंधूंनी डांबर फासलं होतं ते हिलाच.

हे सगळं सांगितल्यावर भाच्याने विचारलं, "मामा, नको होते तर फोडून का नाही टाकले?"

प्रश्न सोपा नाही. चौकात मानाने उभं करणं म्हणजे त्यांचा सन्मान करणं, आणि तो काढून घेतला हे योग्यच झालं. पण पुतळाच फोडला असता तर डांबराची गोष्ट मी कशाकडे बोट दाखवून सांगितली असती? सिंहासनावर बसलेली ती बाई समोर दिसते, म्हणून त्या रात्री तिथवर जाणाऱ्या तरुणांची हिंमत कळते.

हत्तीचंही तसंच. तो धड असता तर मी त्याला नुसतं शिल्प म्हणून बघितलं असतं. जोडलेला आहे म्हणून कोणी न्यायला बघितलं, कसा फुटला, हे विचारावंसं वाटतं. इतिहास आपल्या हाती बहुतेक वेळा असा तुकड्यांतच येतो. ते जपायचे, जोडायचे, आणि सांधे लपवायचे नाहीत, एवढं तरी आपल्याला करता येतं.

तेव्हा पुढच्या वेळी पेंग्विन बघून झाले की थोडा वेळ हत्तीलाही द्या.